मावळणकर, रायफल आणि कोकण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया या देशातल्या नेमबाजीच्या संघटनेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांना मी ओढूनताणून कोकणात आणलं, हा एक. आणि नेमबाजी हा राजेरजवाड्यांचा शौक, त्याचं कोकणाला काय, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. त्यांचा जन्म बडोद्याचा आणि वकिली, राजकारण अहमदाबादचं, हे खरंच. पण घराणं मूळचं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं आणि सुरुवातीचं शिक्षण राजापुरात. एवढं नातं आम्ही कोकणवाले सांगणारच.

दुसरा आक्षेप मात्र मनाला लागला. १९५१ साली ही संघटना उभी राहिली, तेव्हा पहिले अध्यक्ष झाले ते मावळणकर. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले वकील आणि त्या वेळी हंगामी संसदेचे सभापती. देशात शस्त्रांचा कायदा अजून इंग्रजांचाच होता, १८७८ चा. आपला कायदा १९५९ मध्ये झाला. अशा काळात एका गांधीवाद्याने नेमबाजीची धुरा घेतली, यात मला रजवाडी शौक दिसत नाही. बिकानेरचे महाराजा करणी सिंह होतेच, १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचं रौप्य त्यांनी आणलं, त्यांचा मान त्यांना. पण २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, रेल्वेत नोकरीला. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी पात्रता स्पर्धा, तिला आजही मावळणकरांचंच नाव आहे.

आपल्याकडे कोकणात बंदूक म्हटलं की शेताची राखण, रानडुक्कर, ठासणीची नळी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. खेळ म्हणून तिच्याकडे बघायची सवयच नाही. दहा मीटर एअर रायफलचं लक्ष्य जेमतेम साडेचार सेंटिमीटरचं, त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. इथे ताकद आणि उंची फार कामाची नाही, श्वास आणि चित्त हवं. लांबट बंद सभागृह, मागे भक्कम आडोसा आणि जाणता प्रशिक्षक असला की पुरे. मैदानं चिखलात असतात त्या पावसाळी चार महिन्यांतही सराव चुकत नाही. रायफल महाग आहे, मान्य. म्हणून तर ती शाळेने किंवा क्लबने घ्यावी आणि मुलांनी आळीपाळीने वापरावी.

तुमच्या तालुक्यात अशी रेंज कुठे चालत असेल तर जरूर कळवा. मी येऊन बघेन आणि तिच्यावर लिहीन.