सर्व्हर येतलो

माझा धंदा लोकांना 'उद्या या' म्हणण्याचा. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, तिठ्यावर, घराच्या पडवीलाच काढलेला गाळा आहे. त्यात झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि पावसाळ्यात छत्र्या. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कोकण रेल्वेचं तिकीट, बारावीचा निकाल. कुठलीही साइट उघडा, मधोमध चक्र फिरत राहतं. समोर बसलेला माणूस आधी चक्राकडे बघतो, मग माझ्याकडे, मग पुन्हा चक्राकडे. पूर्वी लोक विचारायचे, "तलाठी इलो काय?" आता विचारतात, "सर्व्हर इलो काय?" मी म्हणतो, "येतलो. बसा." आवाज जराही न चढवता. त्यातच माझी सगळी कमाई आहे.

असा माणूस एका गेमसाठी कासावीस होतो, हे घरात कुणाला पटत नाही.

गेमचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की तारीख पुढे जाते. गेल्या शिमग्यात देवळाच्या पायरीवर बसून मी मोठ्या हौसेने नाव घेतलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचं निवेदन आलं. 'गुणवत्तेशी कोणतीही तडजोड न करता' अशी सुरुवात होती. पुढे वाचायची गरजच नव्हती. सरकारी कामातली असो की परदेशी कंपनीची, ही सुरुवात जिथे होते तिथे काम पुढच्या वर्षावर गेलेलं असतं.

प्रकार एवढाच सांगतो, की हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात वावरतात. तलवारी, जादू, ड्रॅगन, किल्ले. प्रत्येकाने आपलं एक पात्र घडवायचं, चारचौघांची टोळी जमवायची आणि मोहिमेवर निघायचं. तुम्ही झोपलात तरी ते जग चालूच राहतं. याला एमएमओआरपीजी म्हणतात. आई हा शब्द 'एमेमो'पर्यंत आणते आणि तिथेच टाकून देते. 1997 ला अल्टिमा ऑनलाइन आला, 1999 ला एव्हरक्वेस्ट, 2004 च्या नोव्हेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. त्या काळी आमच्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारी किरकिर. मी फक्त कॉम्प्युटरच्या मासिकातले फोटो बघून दिवस काढले. तेव्हाची भूक अजून भागलेली नाही, असं बायकोचं निदान आहे.

या गेमवाल्यांचं वाट बघणं आम्हाला लाजवेल असं आहे. स्टार सिटिझन नावाच्या गेमसाठी 2012 पासून लोक वर्गणी देतायत. अर्धवट स्वरूपात तो खेळतातही, पण 'झाला एकदाचा पूर्ण' असं म्हणायचा दिवस काही उजाडलेला नाही. आमच्या गावात सभामंडपाची वर्गणी इतकी वर्षं चालली असती तर अध्यक्षाला गाव सोडावं लागलं असतं. फायनल फँटसी फोर्टीनची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. 2010 ला तो गेम आला आणि साफ पडला. मग त्यांनी काय केलं? गेममधल्या आकाशातला चंद्र खाली आणला, खेळाडूंच्या डोळ्यांदेखत ते जग बेचिराख केलं, सर्व्हर बंद केले आणि 2013 ला नव्याने बांधून पुन्हा सुरू केला. आमच्याकडे बांध वीतभर सरकला म्हणून तीन पिढ्या कोर्टात जातात, मेर सरकवणारा काही कबूल होत नाही.

तर आम्ही टोळी जमवलेली आहे. गेम आलेला नसला म्हणून काय झालं, भांडणं वेळेत सुरू झालेली बरी. डोंबिवलीचा मामेभाऊ टँक होणार, म्हणजे राक्षसासमोर उभा राहून मार खाणारा. सकाळच्या फास्ट लोकलला दरवाजात उभं राहून त्याची तयारी आधीच झालीय. पुतणी कुडाळला कॉलेजात आहे, तिने लांबून आग फेकायचं खातं घेतलं आणि त्यावर चर्चा नको असं सांगितलं. शाळेतला एक मित्र बोटीवर असतो. तो बंदराला लागला की ऑनलाइन, एरवी नाही, म्हणून त्याला कुठलंही काम देता येत नाही आणि तोच ग्रुपवर सगळ्यात जास्त सूचना करतो.

अडलं ते हीलरपाशी. बाकीच्यांच्या जखमा भरायचं हे काम कुणालाच नको असतं, पण तो नसेल तर टोळी पाच मिनिटांत आडवी. आमच्यात सावंतवाडीचा एकजण औषधांचं दुकान चालवतो. सगळ्यांनी एकमताने त्याला हीलर ठरवला. तो भडकला. "दिवसभर गोळ्यो देतंय, राती पण मियाच देव काय? माका कुऱ्हाड होयी." आठवडाभर तो ग्रुपवर बोलला नाही. शेवटी डोंबिवलीकराने त्याला, दर मोहिमेत पहिली लूट तुझी, असं लेखी दिलं. लेखी म्हणजे खरंच लेखी. मी लॅमिनेट करून पाठवलं.

बाबांना हे सगळं पहिल्यापासून समजतं, याचा मला धक्का बसला होता. बाबा दशावताराचे जुने पंखे. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम लागला की या वयातही घोंगडी घेऊन पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत बसतात. मी टँक, हीलर सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"म्हणजे रातभर राक्षस मारूचो. संवाद लिवलेले नाय, ज्याने त्याने आयत्या वेळी बोलूचे. झिलग्याने बाईचो वेष घेतलो तरी चलता. बरोबर?"

"बरोबर."

"मग ह्याच्यात नवीन काय हा? पेटी कोण वाजयता?"

पेटी नाही म्हटल्यावर त्यांचा अर्धा रस गेला. उरलेला मी एका खऱ्या गोष्टीने टिकवला. 1997 ला अल्टिमा ऑनलाइनची चाचणी चालू असताना त्या गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतःच राजाच्या वेषात, लॉर्ड ब्रिटिश म्हणून, प्रजेला दर्शन द्यायला आला. त्या पात्राला मरण येऊ नये अशी सोय असायची, ती त्या दिवशी लावायची राहून गेली. गर्दीतल्या एकाने सहज आगीचा मंत्र टाकला आणि राजा तिथल्या तिथे आडवा. बाबा बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण राजा मेल्यार पुढचा आख्यान कसा झाला?"

बायकोला पटवणं याहून कठीण. ती आरोग्य केंद्रात सेविका आहे. तिच्यासाठी मी 2005 चा किस्सा राखून ठेवला होता. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका राक्षसाने दिलेला रक्ताचा शाप चुकून त्याच्या गुहेबाहेर सुटला. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांवरून तो शहरात पोचला, रस्त्यांवर सांगाड्यांचा खच पडला, आणि पुढे 2007 ला लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात त्यावर चक्क लेख आला.

"लागण झालेले घरी थांबले का?" तिने विचारलं.

"काही थांबले. काही पळून गेले. काही मुद्दाम गर्दीत जाऊन फिरले."

"मग गेम चांगला बनवलाय," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. 2020 सालानंतर तिला माणसांबद्दल काही नवीन सांगायचं उरलेलं नाही.

आता यंत्र. समुद्र दीड कोसावर. खारी हवा लोखंडाचं काय करते ते इथल्या प्रत्येक खिडकीच्या गजाला माहीत आहे. गेमची किमान गरज वाचून मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. स्क्रू तांबडे होऊन भुगा व्हायच्या बेतात, तांब्याच्या नळीवर हिरवट बुरशीसारखा थर, पंख्याच्या पात्यांवर फुलबाजीच्या राखेसारखी चिकट धूळ. आणि ग्राफिक्स कार्डाच्या बरोब्बर वर, पत्र्याला चिकटवलेली, पालीची दोन अंडी. गोल, पांढरी, साबुदाण्याहून मोठी. जागा तिने अक्कल लावून निवडली होती, कारण सबंध घरात तेवढी एकच जागा बारा महिने उबदार असते. आई म्हणाली, त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे पिल्लं बाहेर पडेपर्यंत नवं कार्ड बसवणं तहकूब झालं. गेमची तारीखही तेवढ्यात पुढे गेल्याने काही बिघडलं नाही.

गेमचं वजन 100 जीबी. आमची लाइन 20 एमबीपीएसची. एरवी मी गिऱ्हाइकांना असले हिशेब करून देतो, म्हणून स्वतःलाही करून दिला, तर सलग अकरा तासांच्या वर झाले. 'सलग' हे आमच्याकडे कधी नसतंच. माडाचं चुडत तारेवर पडतं, लाईट जाते, राऊटर उठायला वेळ घेतो. इन्व्हर्टरची बॅटरी दीडशे एएचची आहे, पण फ्रिजमध्ये सुरमई असेल तर आई तिच्यावर पहिला हक्क सांगते.

शिवाय पिंग, म्हणजे सिग्नलला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. आशियाचा सर्व्हर सिंगापूरला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 40 मिलिसेकंद, तेही पक्षी उडतो तसा सरळ गेला तर. आमचा सिग्नल सरळ जात नाही. दारात अरबी समुद्र असूनही त्याला आधी मुंबई गाठावी लागते, कारण समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला लागतात त्या तिकडे. नोकरी असो, डॉक्टर असो, राक्षस मारणं असो, कोकणातल्या माणसाला मुंबई चुकत नाही. राक्षस तलवार उगारतो, मला ते कळतं तोवर मी मेलेला असतो.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे जाहीर झालेली तारीख, जून महिन्याचा मध्य. तिकडे म्हणे तो उन्हाळा, पोरांना सुट्ट्या. इकडे मृग लागून आठवडा झालेला, भाताची धूळपेर झालेली, वायरमनचा फोन बंद. एप्रिलमध्ये काढला असता तर काय गेलं असतं त्यांचं? आंब्याच्या पेट्या भरताना मनुष्य रात्रभर जागाच असतो.

त्याआधी दोन दिवस चाचणीचे म्हणून दिले. शुक्रवारी कॅलिफोर्नियात सकाळी दहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. मी गाळ्याचं शटर अर्धं ओढून, अर्धा तास आधीच हात-पाय धुऊन बसलो. बाबा शेजारी खुर्ची घेऊन. साडेदहाला बटण दाबलं. स्क्रीनवर मधोमध चक्र, आणि खाली: तुमचा रांगेतला क्रमांक 11,482.

बाबांनी चक्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा चक्राकडे. मी काही बोललो नाही. मग त्यांना सांगितलं, 2021 च्या डिसेंबरात त्या फायनल फँटसीवाल्यांकडे रांगा इतक्या वाढल्या की त्यांनी काही आठवडे गेमची विक्रीच थांबवली. गिऱ्हाईक फार झालं म्हणून दुकान बंद! बाबा म्हणाले, "तुझ्या धंद्यात ह्या कधी होवचा नाय."

तेवढ्यात शटरखालून वाकून शेजारची काकी आत. "लाईट दिसली म्हणान इलंय. माझो सातबारो काढ."

"काकी, रात्रीचे अकरा वाजतत."

"मग? तू जागोच हस."

दुसऱ्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. एका झटक्यात उघडली. दिवसा दोन-दोन तास फिरणारं चक्र दिसलंसुद्धा नाही. सबंध महाराष्ट्र झोपलेला, सर्व्हर मोकळा. छपाई होऊन कागद तिच्या हातात पडला तरी ती उठेना. तिने पुतण्याला फोन लावला, पुतण्याने खालच्या वाडीत, आणि बाराच्या सुमाराला माझ्या पडवीत उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुकं आणि एक झोपलेलं मूल घेऊन सहा-सातजण बसलेले. सगळ्यांचे फॉर्म भराभर जात होते. माझाच नंबर तेवढा 3,000 च्या खाली येत नव्हता.

एकदाचा दीडला आला. पात्र घडवायचा पडदा उघडला आणि पडवी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. केस, दाढी, खांदे, कशावरही मला एकट्याला निर्णय घेऊ दिला नाही. मिशी बाबांनी ठरवली. काकी नाकावर अडली. "सरळ कर जरा. आपल्या भावकीत असला नाक नाय." नाक सरळ करण्यात चाचणीची वीस मिनिटं गेली. तिकडे ग्रुपवर डोंबिवलीकर ओरडत होता की तो केव्हाचा गावाच्या वेशीवर उभा आहे आणि डुकरं त्याला मारतायत, हीलर कुठाय. हीलरने गपचूप कुऱ्हाड घेतली होती.

मग नाव. मी घरातलं, पाळण्यापासूनचं, इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: बाबल्या. तांबडं अक्षर आलं की हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं आहे.

पडवीत शांतता. आख्ख्या आशियात हे नाव घेणारा दुसरा कोण? संशय आधी परुळ्याकडे गेला, मग मालवणकडे, मग बोटीवरच्या मित्रावर. शेवटी काकी पुढे झाली.

"नुसता नाव कसा चालात? बापाशीचा नाव घाल, आडनाव घाल, मु. पो. घाल."

मु. पो. बसत नव्हतं, पण बाबांचं नाव जोडून दिलं आणि एंटर दाबलं. हिरवी टिकली आली.

"बघ," काकी म्हणाली. "पूर्ण नाव नसला तर खयचोच फॉर्म पुढे जाणा नाय. आता ता राहू दे, आणि माझो आठ-अ काढ."