नोटीस आम्हाला, मैलापाणी नदीला

सोसायटीचा सेक्रेटरी होण्याआधी बीओडी म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं, तर एखाद्या सहकारी बँकेचं नाव असेल म्हणून मी सोडून दिलं असतं. आता झोपेतून उठवून विचारा. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, त्याचा तो आकडा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या आमच्या संमतीपत्रात तो लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा असं लिहिलंय. आमच्या एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीच्या मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, सॅम्पलमध्ये तो जास्त आला, म्हणून मंडळाची नोटीस. 'आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई का करण्यात येऊ नये' वगैरे वगैरे.

सॅम्पल खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. माझं डोकं फिरलंय ते वेगळ्याच गोष्टीने. आमच्या कंपाउंडच्या मागून रामनदी जाते. भूकुमच्या बाजूला उगम, मग बावधन, मग पाषाण तलाव, मग आमचं बाणेर आणि पुढे मुळा. नदी म्हणायचं ते केवळ पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या जोरावर. एरवी काळं पाणी, त्यावर जलपर्णी, आणि मार्चपासून संध्याकाळी खिडक्या बंद. त्या पाण्याचा बीओडी कुणी कुणाला विचारायचा? नदीला सेक्रेटरी नाही, लेटरहेड नाही, नोटीस चिकटवायला दार नाही. मला आहे. म्हणून नोटीस मला.

आता हा एसटीपी आमच्या गळ्यात कसा पडला ते ऐका. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर गेलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बिल्डरला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ती घेताना तो वाट्टेल ते कबूल करतो. एसटीपी लावतो, ओल्या कचऱ्याचं मशीन लावतो, सोलर लावतो, झाडं लावतो, पावसाचं पाणी जिरवतो. ब्रोशरवर हिरवं पान छापून येतं. फ्लॅट विकले जातात, सोसायटी रजिस्टर होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो, आणि ज्या अटींवर त्याने सही केली होती त्या सगळ्या अटी आम्हा भाबड्या लोकांच्या नावावर चढतात. कन्व्हेयन्स मात्र चढत नाही! जमीन अजून त्याची, जबाबदारी आमची.

एसटीपी कुठे, तर बेसमेंटमध्ये पार्किंगच्या खाली. हवा यायला जागा नाही, गाळ बाहेर काढायला नीट वाट नाही. पाण्यात हवा सोडणारा एक ब्लोअर चालू, दुसरा 'स्टँडबाय', म्हणजे पहिल्या दिवसापासून बंद. डिझाइन पूर्ण भरलेल्या इमारतींचं, आणि सुरुवातीची काही वर्षं निम्मे फ्लॅट रिकामे, म्हणजे आतल्या जंतूंना खायलाच पुरेसं नाही. प्लांट कधी धड बसलाच नाही. पुढे फ्लॅट भरले, काहींत आयटीवाली पोरं सहा-सहा जण राहायला लागली, आणि तोच प्लांट उलट्या बाजूने कोलमडला. यातलं एक अक्षर हस्तांतराच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. चाव्यांचा जुडगा, ड्रॉइंगची झेरॉक्स, 'काही लागलं तर फोन करा काका'. तो फोन आता लागत नाही.

बरं, प्लांट सुधारायचा तर सुधारू. ऑपरेटर नेमला, जंतू ज्यावर वाढतात तो मीडिया बदलला, हवेचे डिफ्यूझर बदलले, मेंटेनन्स वाढवला, एजीएममध्ये शिव्या खाल्ल्या. तेवढ्यात संमतीपत्राची मुदत संपत आलेली. नूतनीकरणाचा अर्ज पोर्टलवर. पोर्टलला वाटतं आपण कारखाना आहोत. 'उत्पादन काय?' घ्या! आम्ही उत्पादन काय करतो? फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएचं सर्टिफिकेट आणा की प्रकल्पाला खर्च किती आला. तो आकडा बिल्डरकडे. बिल्डर फोन उचलत नाही हे वर आलंच आहे. शिवाय ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५. शिवाय मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल. शिवाय दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होतो म्हणून आम्ही 'मोठे कचरा निर्माते', तर ओला कचरा आवारातच जिरवा. तोही जिरवतो आम्ही. खत इतकं झालंय की लोक लिफ्टमध्ये मला टाळतात, पिशवी हातात देईन म्हणून.

मंडळाच्या कार्यालयात गेलो, कुणाचं नाव घेत नाही. तिथला माणूस वाईट नव्हता, उलट भला वाटला. टेबलावर फायलींचा ढीग, आणि एकट्याच्या अंगावर कारखाने, हॉस्पिटलं, सोसायट्या, धाबे असं सगळं. तो म्हणाला, "काका, एखादा कन्सल्टंट का धरत नाही?" म्हणजे ज्या भाषेत नियम लिहिलाय ती कळायला फी देऊन माणूस ठेवायचा. कन्सल्टंट आला. गळ्यात लॅपटॉपची बॅग. आमचा प्लांट न बघता त्याने अहवालाचा नमुना दाखवला, त्यात दुसऱ्याच सोसायटीचं नाव खोडायचं राहिलं होतं. आणि तो अहवाल वाचणार कोण? मी विचारलं. तो हसला.

हे सगळं मी मुकाट्याने केलं असतं. पुणेरी माणूस कुरकुर करतो पण पावती जपून ठेवतो. पण एके दिवशी संमतीपत्र पहिल्यापासून वाचायला बसलो आणि एका अटीवर थांबलो. शुद्ध केलेलं ६० टक्के पाणी फ्लशला आणि बागेला परत वापरा, उरलेलं महापालिकेच्या ड्रेनेजला सोडा. म्हणजे बघा. लाखो रुपये खर्चून, वीजबिल भरून, नाकाला रुमाल लावून आम्ही मैलापाणी स्वच्छ करायचं, आणि मग ते त्याच लाइनमध्ये सोडायचं जिच्यात अख्ख्या शहराचं न शुद्ध केलेलं मैलापाणी वाहतंय. अंघोळ घालून म्हैस परत डबक्यात.

आणि त्या लाइनचं पुढे काय होतं? २०१६ च्या जानेवारीत केंद्राने आणि जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेने पुण्याच्या नद्यांसाठी करार केला. खर्च ९९० कोटी २६ लाख, त्यातला ८५ टक्के वाटा केंद्र देणार, कर्जाचं व्याज वर्षाला ०.३० टक्के, फेडायला ४० वर्षं. एवढं सवलतीचं कर्ज आपल्या सात पिढ्यांत कुणाला मिळालेलं नाही. तेव्हा शहराची शुद्धीकरणाची क्षमता रोज ४७७ दशलक्ष लिटर होती. ११ नवी केंद्रं बांधून ती ८७३ वर न्यायची, म्हणजे २०२७ पर्यंतची चिंता मिटली. काम संपवायची मुदत होती जानेवारी २०२२. काम संपवायची, बरं का. आणि पायाभरणी कधी झाली? ६ मार्च २०२२! मुदत संपल्यावर भूमिपूजन. तोवर खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या वर गेलेला. नारळ मात्र व्यवस्थित फुटला.

आम्ही सहामाही अहवाल एक आठवडा उशिरा टाकला तर पोर्टल लाल होतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, देशात सगळ्यात जास्त. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, आपल्या घरच्या सगळ्या त्यात आहेत. आणि ही घाण आपल्यापाशी संपत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीचं पाणी सोलापूरला पितात. सोलापूरच्या माणसाने पुणेकराला शुद्ध भाषेचं कौतुक सांगू दिलं, हेच त्याचे उपकार. बरं, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठसुद्धा आपल्याच पुण्यात आहे. लांबलांबची माणसं इथे न्याय मागायला येतात. गाडीतून उतरल्यावर वास कुठून येतोय हे ती विचारत असतील की नाही?

कुणीतरी म्हणेलच, की काका, सोसायट्याही काही साव नाहीत. नाहीतच. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवणारे चेअरमन मला माहीत आहेत. तपासणी येणार म्हटल्यावर आउटलेटच्या टाकीत टँकरचं पाणी ओतणारेही आहेत. त्यांना नोटीस द्या, दंड करा, माझं काही म्हणणं नाही. पण मी प्लांट सुधारायला पैसे ओततोय आणि तो टाकीत टँकर ओततोय. कागदावर आम्ही दोघं सारखेच, किंबहुना त्याचा आकडा माझ्यापेक्षा चांगला. सॅम्पल वर्षातून कधीतरी सांगून घेणार असाल तर हेच होणार. मीटर लावा, ऑनलाइन जोडा, आकडे सगळ्यांना दिसू देत. आमचे दिसू देत. महापालिकेच्या केंद्रांचेही त्याच पानावर, त्याच टाइपात दिसू देत.

आणि बिल्डरचं काय? मंजुरी देताना त्याच्या अटी मोजल्या जातात, सोडून जाताना कुणी मोजत नाही. प्लांट पूर्ण लोडवर वर्षभर चालवून दाखवल्याशिवाय त्याला हात झटकून जाऊ देऊ नये, एवढा साधा नियम करायला कुठला अभ्यासगट लागतो? तोपर्यंत घसघशीत रक्कम त्याची अडकवून ठेवा. मग बघा स्टँडबाय ब्लोअर कसा चालू होतो.

नोटिशीला उत्तर दिलंय. सोबत बदललेल्या सामानाची बिलं, नव्या सॅम्पलचा रिपोर्ट, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून काढलेले रामनदीचे फोटो, तारखेसकट. कन्सल्टंट म्हणाला फोटो जोडू नका, विषयाशी संबंध नाही. मी जोडले. ज्यांची सोसायटी अजून ताब्यात यायची आहे त्यांनी चावी घेण्याआधी बेसमेंटमध्ये स्वतः उतरा, दुसरा ब्लोअर समोर चालू करून घ्या, प्रकल्पखर्चाचं सीए सर्टिफिकेट आणि मूळ मंजुरीची प्रत हातात पडल्याशिवाय सही करू नका. आणि 'होऊन जाईल हो काका' म्हणणाऱ्या त्या गोड पोराला म्हणावं, हेच वाक्य लेटरहेडवर लिहून दे.