‘विषय कुठलाही चालेल, विद्यापीठ वरचं हवं’: हा सल्ला का चुकतो

प्रवेशाचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरतो: ‘रँकिंगमध्ये वरचं विद्यापीठ धरा. तिथं शिकवतात चांगलं, सरासरी पॅकेज मोठं, नावावर नोकरी मिळते. विषय काय, नंतर बदलता येतो.’ मुलांची तीन-चार वर्षं यावर ठरतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

वरचा क्रमांक म्हणजे चांगलं शिकवणं? जगभरातल्या विद्यापीठांना क्रमांक देणारी, 2003 पासून निघणारी शांघाय यादी पाहा. तिचे 30 टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या नोबेल व (गणितातल्या) फील्ड्स पदकांना, 20 टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकांमधल्या शोधनिबंधांना. बाकीचे गुणही संशोधनावरच. वर्गात तुम्हाला कोण आणि कसं शिकवणार, याला एकही गुण नाही. शिवाय काही याद्या विद्यापीठांनीच दिलेल्या आकड्यांवर उभ्या असतात. 2022 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या आकड्यांवर तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकानं बोट ठेवलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या यादीत ते त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं, आणि वर्गसंख्येसारखे आकडे चुकल्याचं विद्यापीठानं मान्य केलं. तिथल्या वर्गात मात्र वर्षभरात काहीच बदललं नव्हतं!

सरासरी पॅकेज? दहांपैकी नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 64 लाख मिळाले, तरी सरासरी 10 लाख येते. मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा. आकडा कोर्सचा की अख्ख्या विद्यापीठाचा, आणि किती जणांनी माहिती दिली, हेही विचारा.

विषय नंतर बदलता येतो, हे देशावर अवलंबून. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवता येतो. इंग्लंडमध्ये अर्जच ठरावीक कोर्ससाठी असतो.

नावाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. डेल आणि क्रूगर या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2002 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, सारख्याच कॉलेजांनी प्रवेश देऊ केलेल्या मुलांची तुलना होती. अधिक निवडक कॉलेजात गेलेल्यांची कमाई इतरांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र फायदा दिसला. त्यांनी नाव जरूर तोलावं.

बाकीच्यांनी, आणि खरं तर त्यांनीही, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावं. सक्तीचे पेपर कोणते, ऐच्छिक विषय खरंच दर वर्षी चालतात की फक्त माहितीपुस्तिकेत असतात, पहिल्या वर्षाचे तास कोण घेतं, सुरू केलेल्यांपैकी किती जण पूर्ण करतात, आणि तपासलेलं लेखन शेऱ्यांसह किती दिवसांत परत मिळतं, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही.