पेटी नवीन शिकलेला माणूस

आज संध्याकाळी एका मुलाने मला काकू म्हणून खाली बसवलं. काकू म्हणाला त्याचा राग नाही, वय झालंय तर म्हणणारच. राग पुढच्या वाक्याचा आहे. घरी येऊन दोन तास झाले तरी तो उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

कोथरूडला एकांच्या घरी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांची बैठक होती. पंचवीसेक जण, बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे. प्रत्येकाने आपलं सगळ्यात आवडतं एक गाणं सांगायचं आणि का आवडतं ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम. माझ्या आधी ‘द प्रॉफेट्स साँग’ झालं, ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ झालं, एका मुलीने ‘मुस्तफा’ सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’. का ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बैठक चालवणारा मुलगा हसत म्हणाला, “काकू, हे तर ग्रेटेस्ट हिट्सवालं झालं. मनापासून आवडतं ते सांगा ना!” सगळे हसले. वाईट हेतूने नाही हसले, पण हसले. मी काहीच न बोलता बसले, आणि माईक पुढे गेला.

मनापासून आवडतं ते सांगा! म्हणजे मी जे सांगितलं ते काय होतं?

तिथे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. मिरजेला आमच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मिरज म्हटल्यावर तुम्हाला सतारी आणि तंबोरे आठवतील, ते बरोबरच. पण त्या गावात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे माईक, अँप्लिफायर, टेपही बिघडायचे, आणि त्यातले बरेच बाबांकडे यायचे. १९९२ साल, मी नववीत. मेडिकलला शिकणाऱ्या एका मुलाने त्याचा टू-इन-वन आणून टाकला. आत कॅसेट अडकलेली. बाबांनी ती अलगद काढली, बेल्ट बदलला, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं आणि चालवून बघायला तीच कॅसेट परत घातली. आवाज दबका येत होता. तेव्हा बाबांनी छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि हेडशेजारचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायला लागले. गाणं चालू, बाबांचा कान स्पीकरला. आधीच्या गाण्यात सायकलच्या घंट्या वाजल्या तेव्हा त्यांनी मान वर करून रस्त्याकडे बघितलं होतं, कोण आलं म्हणून. मग पुढचं गाणं लागलं आणि त्याच्या मध्यावर कुठेतरी स्क्रू बरोबर जागी बसला. गोणपाट ओढून काढावं तसा आवाज मोकळा झाला. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, पण टेप बंद केला नाही. रिवाइंड करून पहिल्यापासून लावलं. ऐकलं, आणि मला म्हणाले, “हा पेटी नवीन शिकलाय बघ. हात भितोय त्याचा, पण सूर सोडंना.”

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. क्वीन कोण हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी जाऊन जेमतेम काही महिने झाले होते, २४ नोव्हेंबर १९९१, आणि ती बातमी आमच्या घरापर्यंत आलीच नव्हती.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी मी वाचलं की ते गाणं, म्हणजे ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’, फ्रेडीचं नाही, जॉन डीकनचं. बेस गिटार वाजवणारा, चौघांत वयाने सगळ्यात लहान, सगळ्यात गप्प. नवं नवं लग्न झालं होतं आणि गाणं बायकोसाठी लिहिलं होतं. त्यात जे वाजतं ते वुर्लिट्झर नावाचं इलेक्ट्रिक पियानो. फ्रेडीला त्याचा आवाज मुळीच आवडायचा नाही, त्याला मोठा पियानोच हवा. तो वाजवेना. मग डीकन ते वाद्य घरी घेऊन गेला, स्वतः शिकला, आणि रेकॉर्डवर तोच वाजवतोय.

पेटी नवीन शिकलेला माणूस! मी वाचता वाचता उठून उभी राहिले होते. बाबा तोवर गेले होते, सांगायचं कुणाला?

आणखी एक गोष्ट मला त्याहूनही उशिरा कळली. वुर्लिट्झरमध्ये तारा नसतात. स्टीलच्या छोट्या पट्ट्या असतात, रीडच त्या, आणि त्यांच्यावर हातोड्या पडतात. आपल्या पेटीत रीड हवेने बोलते, तिथे ठोक्याने बोलते. म्हणजे बाबा त्याला पेटी म्हणाले ते काही फार लांबचं नव्हतं. रोज पेटीवाल्यांच्या माईकला कान लावून बसणाऱ्या माणसाला रीड ऐकू आली होती.

हो, मान्य आहे, मिरजेतल्या निम्म्या पेटीवाल्यांबद्दल बाबा असंच काहीतरी म्हणायचे. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

आता सांगा, हे गाणं आवडतं म्हटल्यावर मी कुठल्या परीक्षेत नापास झाले? गाणं सगळ्यांना माहीत आहे, हा त्या गाण्याचा गुन्हा कसा काय? हा ‘ग्रेटेस्ट हिट्स’, म्हणजे क्वीनच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम, १९८१ साली आला. ब्रिटनमध्ये आजवर त्याच्याइतका दुसरा कुठलाही अल्बम खपलेला नाही, सत्तर लाखांच्या वर प्रती. त्यातली किती माणसं कुठल्या दुकानात, कुठल्या स्वयंपाकघरात, कुणाच्या शेजारी बसून ती गाणी ऐकत होती, हे त्या मुलाला माहीत आहे का? त्याला वाटतं गर्दीतल्या माणसाला मन नसतं. मन फक्त आठ मिनिटांची गाणी शोधून काढणाऱ्याला असतं.

‘द प्रॉफेट्स साँग’ थोर आहे, आहेच. मधला तो एकट्या फ्रेडीच्या आवाजाचा आवाजावर चढत जाणारा भाग मी हेडफोन लावून अंधारात ऐकलाय, अंगावर काटा येतो. पण तेही १९७५च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’वरचं, माझं गाणंही त्याच रेकॉर्डवरचं. आणि नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलेलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ही तिथलंच. एकाच पंगतीत बसलेल्यांत एकाला घरचा आणि दुसऱ्याला आगंतुक ठरवणारे तुम्ही कोण?

आणि खरी चीड येते ती अशी. मी डीकनचंच ‘स्प्रेड युअर विंग्ज’ सांगितलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. १९७७चं गाणं. बारमध्ये झाडलोट करणारा सॅमी, मालकाची बोलणी खाणारा, सगळं सोडून निघून जायची स्वप्नं बघणारा. फार सुंदर आहे. माणूस तोच, साधेपणा तोच, आणि मागे कोरससुद्धा नाही. फरक एवढाच की ते ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर घेतलं नाही. म्हणजे गाणं चांगलं का वाईट ते अल्बमच्या मागे छापलेली यादी बघून ठरवायचं! मग ऐकायचं तरी कशाला?

तिथे दीड तासात डीकनचं नाव कुणी घेतलं नाही, हेही सांगून टाकते. अर्धा वेळ पाचगणी चाललं होतं. फ्रेडी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे त्याचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड होता, हे मलाही ठाऊक आहे, आणि त्या रस्त्याने जाताना माझीही मान तिकडे वळते. अभिमान वाटतो, का नाही वाटणार? पण क्वीन चार माणसांचं होतं. चौघेही लिहायचे आणि चौघांचीही गाणी गाजली. ‘वी विल रॉक यू’ ब्रायन मेचं, ‘रेडिओ गागा’ रॉजर टेलरचं, ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ या गप्प माणसाची. फ्रेडीचा गळा काढून घेतला तर ही गाणी उभी राहिली नसती, हे कबूल. पण गळ्याला गायला काहीतरी लागतंच ना.

डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत त्याला एका छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओचा बोर्ड सापडला, वायरी लोंबकळत असलेला. त्याने तो घरी नेला, पुस्तकांच्या फळीवर ठेवतात तसल्या एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि त्याचा अँप्लिफायर केला. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. ब्रायन मेने तो वर्षानुवर्षं स्टुडिओत वापरला. क्वीनच्या गाण्यांत गिटारचं जे अख्खं वाद्यवृंदासारखं ऐकू येतं, त्यातलं कितीतरी त्या खोक्यातून आलंय. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दुकानाचा माळा दिसला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेले जुने बोर्ड, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. आई म्हणायची, भंगारवाल्याला घाला. बाबा म्हणायचे, “असू दे की, बोलंल कधीतरी.”

लिहिता लिहिता राग जरा खाली आलाय. तो मुलगा वाईट नाही. निघताना ‘काकू, चहा घेऊन जा’ म्हणाला, मीच थांबले नाही. त्याच्या वयात मीही कुणाकुणाला हसले असेन. आणि खरंय, ही गाणी जाहिरातींत, क्रिकेटच्या मॅचला, लग्नाच्या हॉलमध्ये इतकी वाजवलीत की कान किटतात. लपलेलं गाणं सापडल्याचा आनंदही मला कळतो. पण तो तुमचा आनंद. तो दुसऱ्याच्या डोक्यावर टपली मारायला वापरू नका.

एक करून बघा. हे गाणं स्टेजवरचं ऐका, १९७९च्या ‘लाइव्ह किलर्स’वर आहे. तिथे ते फ्रेडी मोठ्या पियानोवर वाजवतो. झोकात वाजवतो, हात कुठे भीत नाही. मग रेकॉर्डवरचं ऐका. पहिल्या स्वरांपासूनच वुर्लिट्झरची ती जरा घोगरी, थरथरती पट्टी एका लयीत चालू राहते, जास्तीची हरकत नाही, दिखावा नाही. जे येतं तेवढंच, पण तेवढं नेमकं. जेमतेम तीन मिनिटांत संपतं. असं गाणं लिहायला सोपं असतं तर त्याच्यासारखी शंभर आली असती.

फ्रेडी गेल्यावर डीकनचा जीव त्यात राहिला नाही. १९९७नंतर तो बाजूलाच झाला. बाकीचे दोघे अजून स्टेजवर जातात, तो जात नाही. मला ते फार बरोबर वाटतं. गप्प माणसाचं दुःखही गप्पच राहणार. बाबांचे जुने भागीदार गेले तेव्हा बाबांनी महिनाभर दुकानात रेडिओ लावला नव्हता, फक्त दुरुस्त करायचे.

त्या मेडिकलच्या मुलाने टेप न्यायला यायच्या आधी बाबांनी मला ती कॅसेट कोऱ्या टेपवर उतरवून दिली होती. मुलाला विचारून, मगच. ती अजून माझ्याकडे आहे. लेबलवर बाबांच्या बॉलपेनने लिहिलंय, ‘इंग्रजी. पेटीवाला चांगला.’ बाकी सोळा-सतरा गाण्यांचा उल्लेख नाही.

मगाशी आल्या आल्या ती लावायला गेले तर डेक फिरेना. उघडून बघितलं तर आतला बेल्ट विरघळून डांबर झालाय, कप्पीला चिकटून बसलाय. पुण्यात अजून कुणी कॅसेट डेकचे बेल्ट बदलून देतं का? स्क्रू जपून फिरवणारा माणूस हवा. माहीत असेल तर इथेच खाली सांगा, उद्याच घेऊन जाते.