१७ कमिट पुढे

सकाळी खुर्चीत टेकलो आणि हात आपोआप 'गिट पुल ओरिजिन मास्टर'कडे वळले. गिट म्हणजे टीमच्या कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ही कमांड सर्व्हरवरच्या 'मास्टर' ब्रँचमधलं, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेतलं, नवं काम आपल्या मशीनवर आणते. इतरांचे १७ कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, सुरळीत उतरले. सवयीने स्टेटस बघितलं, तर गिट म्हणतं, तुमची ब्रँच ओरिजिन/मास्टरच्या १७ कमिट पुढे आहे, म्हणजे सर्व्हरवर नसलेले १७ बदल तुमच्याकडे आहेत.

मी? पुढे? त्या दिवशी मी साधा सेमीकोलनही टाकला नव्हता. दुसऱ्यांचं कष्टाचं काम आपल्या नावावर चढलं की काही लोकांना बढती मिळते, मला मात्र घाम फुटला. पुश करायची, म्हणजे आपलं काम सर्व्हरवर चढवायची, छाती होईना. शेवटी टीममधल्या सीनियर बाईंना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या स्क्रीन बघितली, "फेच कर" म्हणाल्या आणि निघून गेल्या. फेच केलं, म्हणजे सर्व्हरवरची ताजी स्थिती मागवली. १७चा आकडा गायब!

भानगड अशी की ओरिजिन/मास्टर म्हणजे सर्व्हरवरची ब्रँच नव्हेच. सर्व्हर शेवटचा दिसला तेव्हा कुठे होता, याची आपल्याच मशीनवर ठेवलेली चिठ्ठी आहे ती. पुल म्हणजे फेच अधिक मर्ज (आणलेलं आपल्या कामात मिसळणं), पण जुन्या गिटमध्ये ब्रँचचं नाव घेऊन पुल केलं की माल घरात यायचा आणि चिठ्ठी जुनीच राहायची. २०१३च्या १.८.४ आवृत्तीत हे सुधारलं. आमच्या त्या मशीनला ही बातमी पोचली नव्हती.

नवं गिट आलं म्हणून मी निर्धास्त झालो, तर 'अप टू डेट'ने दगा दिला. स्टेटस हिरवंगार, पुश केलं की 'रिजेक्टेड', दुसऱ्याचं काम सर्व्हरवर आधीच चढलेलं! कारण स्टेटस सर्व्हरला काही विचारायला जातच नाही, चिठ्ठी वाचून दाखवतं. खिडकीशी न जाता "पाऊस नाहीये" म्हणणाऱ्या माणसासारखं.

मग एकदा नव्या ब्रँचवर पुल केलं. 'नो ट्रॅकिंग इन्फर्मेशन', म्हणजे कुणाच्या मागे जायचं ते ठरवा. खाली तयार कमांड दिलेली होती. इतका सौजन्याचा प्रकार बघून मी ती जशीच्या तशी चिकटवली, 'ब्रँच' या शब्दाभोवतीच्या टोकदार कंसांसकट. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणालं, 'ब्रँच' नावाची फाइलच नाही. ते कंस नाव भरायच्या जागेचे होते, शेलने मात्र त्यांचा अर्थ 'या फाइलमधून वाच' असा घेतला.

लिनस टोर्वाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं, तेव्हा पहिल्याच रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, नावाचे बरेच अर्थ दिले होते, त्यातले दोन असे: नीट चाललं तर 'ग्लोबल इन्फर्मेशन ट्रॅकर', बिघडलं तर एक शिवी. माझ्याकडे दुसराच अर्थ जास्त वापरला जातो.

परवा नव्या मुलाने विचारलं, "सर, तुमचा कोड अप टू डेट आहे ना?"

"शेवटचं फेच केलं तेव्हा होता," म्हटलं.