अपील दाखल झालं म्हणजे शिक्षा रद्द झाली, असं नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘घरातल्या हल्ल्याच्या केसमध्ये शिक्षा लागली तरी अपील टाकलं की ती आपोआप थांबते, आणि घरच्यांनी तडजोड लिहून दिली की निकालच रद्द होतो.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

अपिलाने शिक्षा थांबत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो (पूर्वी सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०). गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असेल, तर जामिनावर सोडण्यापूर्वी सरकारी वकिलाला लेखी विरोध करण्याची संधी द्यावीच लागते. जामीन मिळाला तरी दोषी ठरवणारा निकाल कायम असतो. ‘सुटून आला’ ऐकून जखमी बाईनं घर सोडून पळावं, इतकी भीती ही अफवा पेरते, म्हणून हे स्पष्ट लिहितोय.

तडजोडीचं म्हणाल, तर खुनाचा प्रयत्न (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०९) हा तडजोडीनं मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही. भाऊ-भाऊ असोत की नवरा-बायको, फिर्याद सरकारची असते. सह्यांसाठी दबाव येत असेल तर पोलिसांना कळवा.

आणखी एक. सोलापूर सत्र न्यायालयाच्या निकालावरचं अपील आता मुंबईला नव्हे, मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरात बसणाऱ्या शाखेकडे, म्हणजे सर्किट बेंचकडे जातं. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.