डोम पिस्टन बसवण्याआधी हेड मोजा

सध्या एक संदेश मोबाईलवर फिरतोय: "जुन्या पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीपला डोम पिस्टन बसवा. कॉम्प्रेशन वाढतं, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतं. आजच्या पेट्रोलला नॉकिंग होत नाही." डोम पिस्टन म्हणजे फुगीर माथ्याचा पिस्टन; नॉकिंग म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून होणारी टकटक. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही ब्लॉक बोअर करतो, म्हणजे इंजिनचे झिजलेले सिलिंडर आतून कोरून मोठे करतो. हा संदेश दाखवून पिस्टन मागणारे आता रोज येतात आणि चांगल्या इंजिनांची वाट लागते, म्हणून लिहितोय.

डोमने कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमधली एकूण जागा भागिले तो वर असताना उरणारी जागा) वाढतो, हे खरं. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75. म्हणजे एका सिलिंडरचे 272 सीसी. वर, हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि गॅस्केट (त्याखालची सील) धरून, समजा 42 सीसी जागा उरते. रेशो आला साधारण 7.5. डोमने त्यातले 6 सीसी खाल्ले की तो 8.5 च्या वर जातो. पण पिस्टनच्या पिनचं केंद्र आणि माथा यांतलं अंतर कुणी तपासत नाही. बाजारातल्या नकली पिस्टनमध्ये ते अर्धा मिलिमीटर कमी निघालं, तर वर 1.8 सीसी जागा वाढते आणि रेशो 7.2 वर घसरतो. उलट बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, तर रेशो जेमतेम 0.1 ने वाढतो. "ओव्हरसाइज केलं की कॉम्प्रेशन वाढतं" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब कागदावर मांडून बघावा. डोम व्हॉल्व्हला थडकत नाही ना, हे तर पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मऊ खेळण्याची माती) ठेवून, त्यावर हेड बसवून, इंजिन हाताने फिरवूनच कळतं.

ॲव्हरेजचं म्हणाल, तर 7.5 चा रेशो 8.5 झाल्यावर आदर्श गणितातही कार्यक्षमता सुमारे 4 टक्केच सुधारते. कार्ब्युरेटर नीट लावला नसेल तर तेवढं तिथेच वाया जातं.

जुन्या विलीस जीपचा विषय तर तिथेच संपतो. तिचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी आहेत. ज्वलनाची मुख्य जागा त्यांच्या डोक्यावर असते आणि पिस्टन थेट हेडच्या सपाट भागाजवळ येतो. तिथे डोम घातला तर तो हेडवर आदळेल.

पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वीपेक्षा वाढलाय, इथेनॉलनेही तो वाढतो. तरी या गाड्यांना नॉक सेन्सर नाही. ठिणगीचं टायमिंग डिस्ट्रिब्यूटरवर हाताने लावलेलं. चैत्रात पाच माणसं बसवून जोतिबाचा डोंगर चढताना टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की टकटक सुरू होते. ती दुर्लक्षित केली तर पिस्टनचा माथा आणि रिंगांमधली भिंत फुटते.

खरं तर बहुतेक जुन्या गाड्यांत कॉम्प्रेशन कमी असतं ते झीज किंवा गळतीमुळे, आणि डोम त्यावरचा इलाजच नाही. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्लगच्या जागी कॉम्प्रेशन मोजायचं गेज लावा. मग कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बघा. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट जळालेलं असण्याची शक्यता मोठी.